सेनेटरी, सपर आणि चुरलेली भाकरी

'सेनेटरी' हा शब्द ऐकला, की लातूर-परभणीकडचा माणूस आधी नळ-कमोडच्या दुकानाकडे बघेल. ते सॅनिटरी! सेनेटरी हा इंग्रजी शब्द, म्हणजे रात्रीच्या जेवणासंबंधीचं. इंग्रज लेखक टॉमस ब्राऊननं १६४६ साली रोमन लोक जेवायला बसताना घालत त्या वस्त्राला हे विशेषण लावलं. आज ते कुणी बोलत नाही.

मूळ लॅटिन 'केना', म्हणजे दिवसातलं मोठं जेवण. जुन्या रोममध्ये ते दुपारी असे आणि रात्रीच्या हलक्या खाण्याला 'वेस्पेर्ना' म्हणत. पुढे केना सरकत सरकत दिवस कलण्याच्या वेळेवर आली आणि वेस्पेर्ना गडप झाली. डिनरचीही तीच गत. त्याच्या मुळाशी उपास सोडणं आहे, म्हणजे ती खरी न्याहारी! जेवणाच्या नावांना घड्याळ कळत नाही हेच खरं.

या सगळ्यांत आपल्या जवळचा शब्द 'सपर', म्हणजे इंग्रजीतलं रात्रीचं जेवण. तो ज्या घराण्यातला, त्यातच सूपही येतं आणि 'सॉप'ही. सॉप म्हणजे रश्शात बुडवलेला पावाचा तुकडा. थोडक्यात, चुरून खाणं. दिवेलागणीनंतर मराठवाड्यात ताटात होतं तेच.

फक्त चुरायला भाकरी नीट हवी. ज्वारीचं पीठ ताजं घ्यावं. फार दिवसांच्या पिठाची विरी जाते आणि थापतानाच कडा फाटतात. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ कढत पाण्यात भिजवून तळहातानं चांगलं मळायचं. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, आणि लगेच पाण्याचा हात. उशीर झाला की भेगा पडतात, मग भाकरी फुगायचं नाव घेत नाही.

भाकरी गरम असतानाच चुरावी, तुकडे बोटाच्या पेराएवढे. एका भाकरीला दीड वाटी तुरीची आमटी, तीही उकळती. आमटी निवली असेल तर तुकडे वरून गिळगिळीत आणि आतून कोरडे राहतात. घट्ट वरण तर नकोच, ते आत मुरत नाही. ओतून दोन-तीन मिनिटं थांबावं. घाईचा घास घशाला कोरडा लागतो. वरून चमचाभर कच्चं करडीचं तेल, बाजूला बुक्कीनं फोडलेला कांदा. कांदा सुरीनं चिरणाऱ्यानं खुशाल डिनर करावं.