पोटरी दुखतेय

रविवार, रात्र.

डावी पोटरी ठणकतेय. क्लच मारायची सवय पार मोडली होती.

पहाटे मित्राने त्याची 1990 ची माझदा एमएक्स-5, छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार, दोन तास माझ्या हवाली केली. किल्ली देताना एवढंच म्हणाला, "पॉवर स्टीअरिंग नाहीये, लक्षात ठेव." पार्किंगमधून बाहेर काढतानाच दंड भरून आले. पण गाडी चालती झाली आणि तेच स्टीअरिंग हलकं होऊन बोलायला लागलं. डांबर कुठे गुळगुळीत, कुठे उखडलेलं, सगळं तळहातांना कळत होतं. घाटातल्या एका लांब उजव्या वळणावर वेग जरा जास्त झाला, तेव्हा हातातलं वजन हळूच उतरलं. पुढच्या टायरांची पकड सुटायला आली की असं होतं, हे वाचून माहीत होतं. हातांना आज पहिल्यांदा समजलं. पाय थोडा उचलला, गाडीचं नाक परत वळणात आलं.

गेल्या महिन्यात याच घाटात एका ओळखीच्याची नवी स्पोर्ट्स कार चालवली होती. 450 अश्वशक्ती, वजन दीड टनाच्या वर. तेच वळण तिने कितीतरी जास्त वेगात घेतलं आणि मला पत्ताही लागला नाही. दुसऱ्या गियरमध्येच शंभर ओलांडून जाते. उरलेल्या ताकदीचं करायचं काय? हत्ती पाळायचा आणि त्याच्याकडून भाजीची पिशवी वाहून घ्यायची, तसला प्रकार.

एमएक्स-5 चं 1.6 लिटरचं इंजिन, 115 च्या आसपास अश्वशक्ती, वजन हजार किलोच्या आत. दुसऱ्या गियरमध्ये इंजिन मिनिटाला 7,000 फेऱ्यांपर्यंत ताणलं तरी काटा शंभरच्या अलीकडेच. सगळी गाडी वापरता येते आणि लायसन्सही शाबूत राहतं.

तिसऱ्यावरून दुसरा टाकताना हील-अँड-टो करून बघितलं. ब्रेकवरचा पाय न काढता त्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला टोचायचं, म्हणजे इंजिनच्या फेऱ्या खालच्या गियरला जुळतात. तीनदा फसलं, मागची चाकं कचकन अडखळली. (मित्र शेजारी नव्हता ते बरं.) चौथ्यांदा फेऱ्या जुळल्या आणि गियर आपणहून आत ओढला गेला. गाडीत एकटाच ओरडलो. नवा गिअरबॉक्स हेच काम दरवेळी बिनचूक करतो, पण मग शाबासकी कुणाला द्यायची?

उगाच 'जुनं ते सोनं' मात्र म्हणणार नाही. पावसाळी रात्री घरच्यांना घेऊन लांब जायचं असेल, तर एबीएस आणि एअरबॅगवाली नवीच मागेन. शिवाय आजची एमएक्स-5 सुद्धा हजार-अकराशे किलोंतच आहे. म्हणजे भानगड सालाची कमी, किलोंची जास्त.

किल्ली परत देताना मित्राने विचारलं, "कितीपर्यंत पळवलीस?" आकडा सांगितला असता तर हसला असता. मी पुढच्या रविवारचं विचारलं.

"टाकी भरून आण," म्हणाला.