मरियामाता ही तुमची देवी का?

सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमावलीची, म्हणजे तिथल्या मरियामातेच्या चर्चची, जत्रा भरली की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. कधी कार्यालयातल्या सहकाऱ्याकडून, तर कधी जत्रेला हौसेने बरोबर येणाऱ्या शेजारच्या काकूंकडून. "मरियामाता ही तुमची देवीच ना? मग ती मोठी की येशू?" यात काकूंचे काही चुकते असे मला वाटत नाही. मेणाचे घर, मेणाचा पाय किंवा मेणाचे बाळ हातात धरून नवस फेडायला आलेल्यांच्या रांगेत तासभर उभे राहिल्यावर कोणाच्याही मनात तेच येईल. असे विचारले जाते म्हणून सांगतो: माझ्यापुरते उत्तर मला पोप जॉन पॉल दुसरे यांच्या लेखनात सापडले, आणि ते पटण्याचे एक कारण असे की नेमकी हीच शंका तरुणपणी त्यांनाही आली होती.

१९२० साली पोलंडमधील वादोवित्से गावी जन्मलेला कारोल वोयतिवा, म्हणजे पुढचे पोप जॉन पॉल, वयाची नऊ वर्षे पूर्ण होण्याआधीच आईला मुकला. त्याची मरियाभक्ती या पोरकेपणातून आली असे सहज म्हटले जाते. मला ते उत्तर फार सोपे वाटते, कारण ही भक्ती त्याने पारखून घेतली होती. जर्मन अंमलाखालच्या क्राकूव्हमध्ये तो सोल्वेच्या रासायनिक कारखान्यात मजुरी करीत असताना त्याला वाटू लागले की मरियेची भक्ती फार वाढली तर केवळ ख्रिस्ताला द्यायची आराधना उणावेल. त्याच सुमारास लुई द माँफोर या फ्रेंच धर्मगुरूचे मरियाभक्तीवरील पुस्तक त्याच्या हाती आले. ते तो कामावरही जवळ बाळगी, इतके की त्याच्या सुंदर मुखपृष्ठावर कारखान्यातले डाग पडले. माँफोरची भाषा जुन्या वळणाची, अलंकारांनी लदलेली आहे. मरियेचे 'गुलाम' व्हा हे त्याचे सांगणे मला आजही जड जाते, आणि त्या भाषेच्या अवजडपणाची कबुली खुद्द पोपनीही दिली आहे. मात्र त्या पुस्तकातला गाभा त्यांनी उचलला: खरी मरियाभक्ती ख्रिस्तावरच येऊन थांबते. 'तोतुस तूस', म्हणजे 'मी सर्वस्वी तुझा', हे त्यांचे ब्रीद त्याच माँफोरकडून आले. त्यांच्या राजचिन्हात मोठा क्रूस आहे आणि त्याच्या एका बाहूखाली, कोपऱ्यात, मरियेचे आद्याक्षर आहे. काकूंच्या प्रश्नाचे उत्तर चित्रात द्यायचे झाले तर मी हेच चित्र दाखवीन.

शास्त्राच्या भाषेत आराधना एकट्या देवाची असते. संतांना मान दिला जातो आणि मरियेला त्याहून मोठा मान. मान केवढा, यावर मात्र चर्चमध्येही एकमत नव्हते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या कॅथलिक धर्माध्यक्षांच्या सभेत, मरियेविषयी स्वतंत्र दस्तऐवज काढावा की चर्चवरील दस्तऐवजातच तिचे प्रकरण घालावे, यावर १९६३ साली मतदान झाले, आणि १११४ विरुद्ध १०७४ अशा निसटत्या बहुमताने ती चर्चच्या प्रकरणात आली. तिला विश्वासाच्या वाटेवर चालणाऱ्या लोकांतलीच एक मानणारी ही दृष्टी जॉन पॉल यांनी २५ मार्च १९८७ च्या 'रेदेम्तोरिस मातेर' या परिपत्रात विस्ताराने मांडली. तिथे ते काना गावच्या लग्नापाशी बराच वेळ रेंगाळतात. द्राक्षारस संपला आहे, यजमानाची अब्रू जायची वेळ आली आहे. मरिया ती अडचण आपल्या मुलाच्या, येशूच्या, कानावर घालते आणि नोकरांना सांगते की हा तुम्हांला जे काही सांगेल ते करा. शुभवर्तमानांत, म्हणजे येशूची कथा सांगणाऱ्या ग्रंथांत, तिच्या तोंडी यानंतर एकही वाक्य नाही. पोपच्या मते तिची मध्यस्थी ती हीच, आईची आणि ख्रिस्ताच्या मध्यस्थीवर अवलंबून असलेली.

१३ मे १९८१ रोजी, फातिमा मातेच्या, म्हणजे पोर्तुगालमधील फातिमा इथल्या मरियेच्या, सणाच्याच दिवशी, त्यांच्यावर गोळीबार झाला आणि आपण वाचलो ते तिच्यामुळे असे ते मानीत. त्यातली एक गोळी आज तिथल्या मूर्तीच्या मुकुटात बसवलेली आहे. नवसाच्या मेणापासून हे फार दूर नाही, हे मान्य करावे लागते. तरीही मरियेला 'सहतारक', म्हणजे ख्रिस्ताबरोबर तारण करणारी, म्हणून अधिकृत सिद्धान्ताने घोषित करावे अशी मागणी जगभरातून झाली तेव्हा याच पोपनी ती घोषणा केली नाही.

सर्वांत उपयोगी पडले ते १६ ऑक्टोबर २००२ चे रोझरीवरील, म्हणजे मरियेच्या जपमाळेवरील, पत्र. तोवर माळेतली रहस्ये, म्हणजे जप करताना मनन करायचे प्रसंग, मंदिरात सापडलेल्या बारा वर्षांच्या येशूवरून थेट त्याच्या अटकेच्या, गेथसेमनीच्या रात्रीवर येत. मधले त्याचे कार्य माळेत नव्हतेच. पोपनी बाप्तिस्म्यापासून शेवटच्या भोजनापर्यंतची प्रकाशाची पाच रहस्ये सुचवली आणि लिहिले की यांत काना सोडल्यास मरिया मागेच राहते. मरियेच्या माळेत तिलाच मागे बसवणारा हा तिचा सर्वांत मोठा भक्त! त्याच पत्रात ते म्हणतात की माळेत पुन्हा पुन्हा म्हणायच्या 'नमो मरिया' या प्रार्थनेच्या दोन भागांना जोडणारी बिजागरी म्हणजे येशूचे नाव. घाईने म्हणताना नेमके तेच निसटते.

वसईच्या आमच्या घरी ऑक्टोबरात रोज संध्याकाळी माळ होई. आम्हा मुलांचे लक्ष चुलीवरच्या भाताकडे, त्यामुळे आम्ही शब्द गिळीत असू. आजी मात्र प्रत्येक 'नमो मरिया'च्या मध्यावर, येशूच्या नावाशी, मान किंचित लववी आणि तेवढ्याने आम्ही तिच्या पुढे निघून जात असू. हे पत्र निघण्याआधीच ती गेली.