पॅनेलचं विनंतीपत्र लिहिताना: माझा अनुभव

सरकारच्या बाजूने जागतिक व्यापार संघटनेत तंटा लढवताना मला सगळ्यात जास्त जीव लावावा लागतो तो पॅनेलच्या, म्हणजे तंटा ऐकून निर्णय देणाऱ्या तज्ज्ञांच्या छोट्या गटाच्या, मागणीसाठी द्यायच्या विनंतीपत्राला. चार-पाच पानांचा कागद असतो, पण पॅनेलची कार्यकक्षा त्यावरूनच ठरते. त्यात राहून गेलेला दावा पुढच्या निवेदनात शंभर पानं लिहूनही आत घेता येत नाही.

आधी सल्लामसलतीची मागणी जाते. समोरच्या देशाने १० दिवसांत उत्तर द्यायचं आणि ३० दिवसांत बोलणी सुरू करायची. मागणी मिळाल्यापासून ६० दिवसांत तोडगा निघाला नाही की पॅनेल मागता येतं. या ६० दिवसांत मी कागद गोळा करते: आक्षेप असलेल्या नियमाची मूळ अधिसूचना, तिच्या सगळ्या दुरुस्त्या, आणि त्या इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये नसतील तर भाषांतरं. बोलणीत विचारायचे प्रश्न आधीच लेखी पाठवलेले बरे.

तंटा निवारण नियमांचं कलम ६.२ दोन गोष्टी मागतं: आक्षेप नेमक्या कोणत्या उपायावर, म्हणजे समोरच्या देशाच्या कोणत्या कायद्यावर, करावर किंवा नियमावर आहे, आणि तक्रारीचा कायदेशीर आधार काय, हे थोडक्यात पण स्पष्ट. घोळ होतो तो दुसऱ्या गोष्टीत. गॅट हा मालाच्या व्यापाराचा करार, आणि त्याचं कलम ३ आयात मालाला देशी मालापेक्षा वाईट वागणूक देऊ नका असं सांगतं. ‘गॅटच्या कलम ३ चा भंग’ एवढंच लिहिलं, तर समोरचा पक्ष प्राथमिक आक्षेप घेणारच. नुसत्या ३.२ मध्येच दोन वाक्यं आणि दोन वेगळी बंधनं आहेत. पहिल्या वाक्याखाली माल ‘समान’ असेल तर आयात मालावर तसूभरही जास्त कर चालत नाही. दुसरं वाक्य थेट स्पर्धेतल्या किंवा एकमेकांची जागा घेऊ शकणाऱ्या मालाचं. तिथे करातला फरक नगण्य असून भागत नाही, शिवाय त्यातून देशी उत्पादनाला संरक्षण मिळतं हेही दाखवावं लागतं. १९९६ च्या जपानी मद्यकर प्रकरणात शोचू या जपानी दारूच्या तुलनेत व्होडका पहिल्या वाक्यात बसली, व्हिस्की आणि ब्रँडी दुसऱ्या. म्हणून मी दोन्ही वाक्यांचे दावे वेगवेगळे लिहिते, आणि प्रत्येकात ‘कारण’ या शब्दाने सुरू होणारं एक वाक्य घालतेच. युक्तिवाद मात्र इथे नको, तो नंतर वाढवता येतो.

विनंतीपत्र जातं तंटा निवारण मंडळाकडे, ज्यात सगळे सदस्य देश बसतात. त्याच्या पहिल्या बैठकीत समोरचा देश पॅनेल अडवू शकतो. दुसऱ्या बैठकीत, सगळ्यांनीच एकमताने नको म्हटलं नाही तर, ते नेमलं जातं.

एक हिशेब मात्र सुरुवातीलाच करावा लागतो. ११ डिसेंबर २०१९ पासून अपिलीय मंडळात सुनावणीपुरते तीन सदस्यही नाहीत. हरलेल्या देशाने अपील केलं की पॅनेलचा अहवाल, म्हणजे निर्णय, तिथेच अडकून पडतो. त्यामुळे दोन्ही देश २०२० च्या अंतरिम लवाद व्यवस्थेत, म्हणजे काही सदस्यांनी आपसातली अपिलं लवादाकडे नेण्यासाठी केलेल्या सोयीत, आहेत का, हे मी पॅनेल मागण्याआधीच तपासते.

या कामाबरोबर मी अभ्यासक म्हणून लेखही लिहिते. तेव्हा मी प्रसिद्ध झालेल्या अहवालांच्या बाहेर जात नाही, आणि चालू तंट्यावर तर लिहीतच नाही. विरुद्ध बाजूचे वकील आपले लेख वाचतात, हे गृहीतच धरावं. एखाद्या कलमाचा मी लेखात लावलेला अर्थ खात्याच्या भूमिकेशी जुळत नसेल, तर ते पहिला मसुदा देण्याआधी वरिष्ठांना लेखी कळवते.