तुम्ही विचारलंत म्हणून : पीडीएफ पाठवली तर बिघडलं कुठं?

वाचनालयाच्या काउंटरवर बसतो म्हणून हा प्रश्न मला हमखास येतो. "काका, पुस्तक मित्राला वाचायला दिलेलं चालतं, मग त्याची पीडीएफ ग्रुपवर टाकली तर बिघडलं कुठं?" पुस्तकं बदलायला रांग लागलेली असताना याचं उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

पुस्तक दिलंत की तुमच्या कपाटात जागा रिकामी होते. ते परत येईस्तोवर (आलंच तर!) तुम्हाला वाचता येत नाही. पीडीएफ मात्र पाठवली की एकाची दोनशे होतात आणि तुमची तुमच्याकडेच राहते. १९५७चा कॉपीराइट कायदा मुळात बघतो ते प्रत कोण काढतंय हे. स्वतःच्या वाचनासाठी, अभ्यासासाठी, परीक्षणासाठी रास्त प्रमाणात उतरून घ्यायला कलम ५२ मोकळीक देतं. शिकवण्यासाठीही देतं. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सवाल्यावर ऑक्सफर्ड-केंब्रिजसारख्या प्रकाशकांनी दावा लावला होता, तेव्हा २०१६ साली उच्च न्यायालयाने निकाल झेरॉक्सवाल्याच्या बाजूने दिला. पण दोनशे जणांचा ग्रुप म्हणजे काही वर्ग नव्हे. हजारभर प्रतींची आवृत्ती खपायला जिथे वर्षं जातात, तिथे हयात लेखकाचं, दुकानात मिळणारं पुस्तक फुकट फिरवायचं आणि वर वाचनसंस्कृतीच्या गप्पा मारायच्या, हे मला पटत नाही.

इथवर माझं आणि कायद्याचं जमतं. पुढे फाटतं.

मध्यंतरी एका वाचकाने आजोबांच्या ट्रंकेतलं १९५८ सालचं प्रवासवर्णन आणून दिलं. पान उलटलं की कोपरा हातात येतो. आत बारीक टायपात छापलंय, 'सर्व हक्क लेखकाच्या पत्नीच्या स्वाधीन'. बाईंचं नाव नाही. प्रकाशकाचा पत्ता सदाशिव पेठेतला, तिथे आता मोबाइलची दुकानं आहेत. वाचकाला ते स्कॅन करून सगळ्यांसाठी नेटवर ठेवायचं होतं. ठेवता येईल का? लेखक गेल्यानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क चालतात. म्हणजे ते १९६० साली गेले असतील तर पुस्तक २०२१ पासून सगळ्यांचं, १९७० साली गेले असतील तर २०३० संपेपर्यंत थांबा. आणि ते कधी गेले हे सांगणारं कुणी सापडत नाही.

अशा बेवारस पुस्तकांसाठी कायद्यात कलम ३१अ आहे. लेखकाचा पत्ता लागत नसेल तर परवान्यासाठी अर्ज करता येतो. मात्र अर्जाआधी जाहिरात द्यायची, आणि तीही देशाच्या बहुतेक भागांत खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात! मराठी प्रवासवर्णनाच्या लेखकाची नातवंडं इंग्रजी पेपरातली जाहीर नोटीस वाचून धावत येतील, ही कल्पना कुणाची असेल ती असो. जाहिरातीच्या पैशांत त्या पुस्तकाची छोटी आवृत्ती निघेल. आम्हा वाचनालयांना एवढीच सवलत की बाजारात न मिळणाऱ्या पुस्तकाच्या वाचनालयापुरत्या तीन प्रती काढाव्यात, किंवा आपल्याकडच्या प्रतीचं स्कॅन जतन म्हणून ठेवावं. ते आम्ही केलं. आता ते स्कॅन कपाटातल्या हार्ड डिस्कवर आहे.

साठचा आकडाही आधी पन्नास होता. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले, त्यांच्या लेखनाचे हक्क १९९१ अखेर संपत होते. ते त्यांच्या विश्वभारती विद्यापीठाकडे राहावेत म्हणून मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली, आणि वाढली ती सरसकट सगळ्यांची. साने गुरुजी १९५० साली गेले. जुन्या हिशेबाने त्यांचं लेखन २००१ सालीच खुलं झालं असतं, ते २०११ साली झालं. गुरुजींची पुस्तकं तोवरही छापली जात होती, त्यांचं काही अडलं नाही. अडलं ते ज्यांना ना प्रकाशक उरला ना वारस, अशांचं. एकासाठी लावलेलं कुलूप शेकडो घरांना लागलं आणि किल्ली कुणाकडेच नाही.

म्हणून पीडीएफ मागायला येणाऱ्याला मी आधी विचारतो, लेखक कधी गेले? बालकवी १९१८, बहिणाबाई १९५१. ही कविता बेधडक वाटा, छापा, चाली लावा. मराठी विकिस्रोतावर (विकिपीडियाचंच भावंड असलेलं नेटवरचं मोफत ग्रंथालय) अशी कितीतरी खुली पुस्तकं पडून आहेत, पण ग्रुपवर फिरते ती मात्र गेल्या वर्षी आलेली कादंबरी.

आपलं पुस्तक पुढे असं बेवारस कुलपात अडकणं हयात लेखकांना टाळता येतं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. कलम २१ प्रमाणे लेखक आपले सगळे किंवा काही हक्क स्वतःहून सोडू शकतो. २०१२च्या दुरुस्तीपासून त्यासाठी जाहीर नोटीसही पुरते. एवढं नको असेल तर निदान पुढच्या आवृत्तीत वारसाचं नाव आणि पत्ता नीट छापावा. पुस्तक भेट द्यायला येणाऱ्या लेखकांना मी चहाबरोबर हेही सांगतो. काही जण लिहून घेतात. बाकीचे विचारतात, "पण माझं पुस्तक लोक नेतात ना वाचायला?"