आमची वाटचाल: पेठेतल्या गाळ्यापासून अंगकोरच्या तटापर्यंत

२००६ साली पुण्यात, पेठेतल्या एका बोळात सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. पंक्चर, ओव्हरहॉलिंग, चाकाचा आऊट काढणं (म्हणजे डगमगणारं चाक सरळ करणं), एवढाच धंदा. परदेशी सहली काढण्याचा विचार स्वप्नातही नव्हता.

२०१४ मध्ये मित्रांबरोबर अंगकोरची जुनी देवळं बघायला कंबोडियात सिएम रीपला गेलो. मित्रांनी टुकटुक ठरवली, मी सवयीने भाड्याची सायकल घेतली. तिची चेन करकरत होती, ती आधी तिथेच बसून नीट केली. अंगकोर थॉम या तटबंदीच्या जुन्या राजधानीच्या दक्षिण दरवाजासमोरच्या पुलावर एका कठड्याशी ५४ देव, दुसऱ्याशी ५४ असुर नाग धरून बसलेत. टुकटुकमधून ते नुसते सरकून जातात. सायकलवरून एकेकाचं तोंड दिसतं, कुणाचं मस्तक गेलंय, कुणाचं नवं बसवलंय तेही कळतं.

आत शिरलं की सगळी गर्दी सरळ मधल्या बायोन देवळाकडे धावते. पण दरवाजाच्या बगलेतून तटावर चढता येतं. तट ८ मीटर उंच, एकेक बाजू ३ किलोमीटर. वर मातीची पायवाट, एकीकडे खंदक, दुसरीकडे झाडी, कोपऱ्यावर प्रासात च्रुंग नावाचं छोटंसं देऊळ. पश्चिम दरवाजापर्यंत मला एकही माणूस भेटला नाही. सायकल सहलींचा धंदा तिथेच सुचला.

जानेवारी २०१६ मध्ये नऊ जणांची पहिली तुकडी नेली आणि सपशेल तोंडावर आपटलो. तिथे वाहतूक उजव्या बाजूने. पहिल्याच चौकात दोघे बिनधास्त डावीकडे घुसले. समोरचा मोटारसायकलवाला सावध होता म्हणून निभावलं. मग अंगकोर वाट. सूर्यवर्मन दुसऱ्याने बाराव्या शतकात बांधलेलं हे विष्णूचं देऊळ. समुद्रमंथनाच्या शिल्पपटासमोर गाईडने तोंड उघडायच्या आत आमच्या एका काकूंनी कूर्मावतारापासून सुरुवात केली, गाईड बिचारा ऐकत राहिला. पण वरच्या मजल्यावर, बाकानला, गुडघे-खांदे झाकलेले लागतात. सायकलच्या शॉर्टमधले आमचे सहा वीर खालीच उभे! तेव्हापासून सामानाच्या यादीत लुंगी पहिल्या नंबरला.

दुसरा फटका पुढच्या वर्षीचा. फेब्रुवारी २०१७ पासून अंगकोरची देवळं बघायचा तीन दिवसांचा पास ४० डॉलरवरून ६२ डॉलर झाला. दरवाढ आधीच जाहीर झालेली, मीच वाचली नव्हती. अकरा जणांचे आगाऊ पैसे घेऊन बसलो होतो. वरचे २४२ डॉलर खिशातून गेले. बायको अजून तो आकडा विसरलेली नाही.

हळूहळू शहाणपण आलं. पहिला अर्धा दिवस गल्लीबोळांत उजव्या बाजूचा सराव. मागे एक टुकटुक, त्यात पाणी, ट्यूबा, पंप आणि मी. देवळांचा १७ किलोमीटरचा छोटा फेरा सगळेच करतात. आम्ही २६ किलोमीटरच्या मोठ्या फेऱ्याला पूर्ण दिवस देतो. प्रीह खानच्या देवळात दोन तास, ता सोमच्या देवळाला झाडाच्या मुळांनी गिळलेला पूर्वेचा दरवाजा, शेवटी प्रे रुप देवळाच्या विटांवर संध्याकाळचं ऊन. शाकाहाऱ्यांसाठी मात्र रोज भांडावं लागतं. भाजीतसुद्धा माशाचा रस पडतो, तो काढायला लावायचा म्हणजे स्वयंपाकिणीचा अपमान. आता चटणी आणि मेतकूट इथूनच नेतो.

मार्च २०२०ची तुकडी रद्द झाली. सगळ्यांचे पैसे परत दिले, त्यासाठी मुदतठेव मोडली. पण त्याच काळात लोकांनी माळ्यावरच्या सायकली खाली काढल्या, दुकानाने घर चालवलं.

दहापेक्षा जास्त माणसं आता नेत नाही. तटावरच्या वाटेवर वीस जण नेले तर ती आळंदीची दिंडी होईल, नि मग तिथे जायचं कशाला? फोनवर लोक विचारतात, ‘दोन दिवसांत सगळं उरकता येईल ना?’ त्यांना मी दुसऱ्या कंपन्यांचे नंबर देतो.

या डिसेंबरच्या तुकडीत सात जण पन्नाशीपुढचे आहेत. निघायच्या आदल्या दिवसापर्यंत मी दुकानातच असेन. आऊट काढायचं काम अजून दुसऱ्या कुणाकडे देववत नाही.