नाव काय यांचं?

"बाबा, हे आजोबा कुठेतरी पाहिलेत. नाव काय यांचं?" काल 'इन द नेम ऑफ द फादर' बघताना लेकीने विचारलं.

पीट पोस्टलथ्वेट, ब्रिटिश नट. 1993 मध्ये हा सिनेमा आला तेव्हा जेमतेम 47 वर्षांचा. पडद्यावर ज्याचा बाप झालाय, त्या डॅनियल डे-लुईसपेक्षा फक्त 11 वर्षांनी मोठा! पण कोठडीत कष्टाने श्वास ओढणारा तो खंगलेला बाप बघताना वयाचा हिशोब सुचतच नाही.

मूळचा इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनचा, लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरमध्ये घडलेला. या भूमिकेला ऑस्करचं नामांकन होतं. 'ब्रास्ड ऑफ'मधला खाणकामगारांचा बँडमास्तरही तोच. 2011 मध्ये गेला, अवघ्या 64व्या वर्षी.

चेहरा इतक्या जणांना ठाऊक आणि नाव फारसं कुणाला नाही, हे मला कालपासून सलतंय. तुम्हाला तो कशात आठवतो?