क्लायंटचं गुपित आणि पावसाळी गटार

नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात ईटीपीचं, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं, काम घ्यायला गेलं की चहाआधी गोपनीयतेचा करार पुढे येतो. 'कामात कळलेली कोणतीही माहिती बाहेर देणार नाही.' बहुतेक जण न वाचता सही ठोकतात.

प्लेटिंगच्या बाथमधली (टाकीतली) रसायनं, ग्राहकांची नावं, दर ही क्लायंटची मालमत्ता आहे, ती जपायचीच. ईटीपी टाळून सांडपाणी थेट पावसाळी गटारात सोडणारा बायपासचा पाइप त्यात येत नाही. बेकायदा उद्देशाचा करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ नुसार रद्दबातल ठरतो. शिवाय अशिलाचं बोलणं न सांगण्याचं वकिलाला जे संरक्षण आहे, ते इंजिनिअरला नाही. कोर्टाने विचारलं तर सांगावंच लागतं.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. आधी हिशेब मांडा.

समजा, रबाळ्यात एक क्रोम प्लेटिंग युनिट आहे. रोज १० घनमीटर धुण्याचं पाणी, त्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी, पाणी पिवळं करणारं रूप) लिटरला ५० मिलिग्रॅम. म्हणजे दिवसाला अर्धा किलो क्रोमियम. त्याचं रिडक्शन करायला, म्हणजे ते कमी विषारी रूपात आणायला, सोडियम मेटाबायसल्फाइट साधारण तिप्पट लागतं, म्हणजे दीड किलो. महिन्याला २५ दिवस धरले तर ३७ किलोच्या आसपास. गाळाचंही तसंच. अर्ध्या किलो क्रोमियमचा कोरडा हायड्रॉक्साइड एक किलो होतो. फिल्टर प्रेसच्या केकमध्ये २५ टक्के घन धरला तर रोज चार किलो, महिन्याला १०० किलो. चुन्याचा गाळ वेगळाच. आता मेटाबायसल्फाइटची बिलं आणि तळोज्याच्या विल्हेवाट केंद्राला गेलेल्या घातक कचऱ्याचे मॅनिफेस्ट (पाठवणीच्या नोंदी) काढा. सहा महिन्यांत एकच गोणी आणि ४० किलो गाळ दिसला, तर पाणी कुठे जातंय हे विचारायची गरज उरत नाही. ईटीपीच्या पंपांना वेगळा वीजमीटर असेल तर तोही बोलतो.

नमुना घेताना दोन गोष्टी हमखास चुकतात. कूलिंग टॉवरचं पाणी मिसळल्यानंतरच्या चेंबरमधून बाटली भरली की आकडा आपोआप पास होतो, म्हणून मिसळण्याआधीच्या चेंबरमधून घ्या. दुसरी चूक लॅबच्या बाटलीत असते. एकूण क्रोमियमसाठी नायट्रिक ॲसिड घालतात, हेक्साव्हॅलंटसाठी घालायचं नसतं. तो नमुना थंड ठेवून २४ तासांत तपासायचा. हेक्साव्हॅलंटची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅमची आहे, तिथे असल्या चुकीने रिपोर्ट निरर्थक होतो.

आणि प्रत्येक पिवळं पाणी म्हणजे चोरी नाही. रिडक्शन पीएच २ ते २.५ ला झटपट होतं, ४ ला रेंगाळतं. ॲसिडचा डोसिंग पंप तुंबला किंवा पीएच प्रोब महिनाभर धुतला नाही, तरी पिवळं पाणी पुढे जातं. म्हणूनच पहिलं पत्र क्लायंटला. चेंबर कुठला, तारीख, वेळ, रीडिंग, काय दुरुस्त करायचं आणि किती दिवसांत, सगळं लेखी. तोंडी सांगितलेलं पुढे कुणालाच आठवत नाही.

मुदत संपूनही पाइप तसाच राहिला, तर ईटीपी पुरेसा असल्याच्या दाखल्यावर सही करायची नाही आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवायचं. कळवताना सांडपाण्यापुरतं बोला, बाथची रेसिपी त्यात घालू नका. ईटीपी चालवायचं कंत्राटच तुमच्याकडे असेल तर मामला आणखी कडक आहे. १९७४ च्या जल कायद्याचं कलम ३१ म्हणतं की अपघाताने घातक पाणी बाहेर पडलं, तर त्या जागेच्या प्रभारी व्यक्तीने ताबडतोब कळवावं. ती व्यक्ती तुम्हीच ठरू शकता. तिथे क्लायंटला पत्रात देतो तशी दुरुस्तीची मुदत वगैरे नाही. सीईटीपीतले (अनेक कारखान्यांच्या सामायिक प्लांटमधले) जिवाणू सेंद्रिय भार खातात, क्रोमियम नाही. पावसाळी गटारात गेलेलं पाणी तर सीईटीपीपर्यंतही पोहोचत नाही, थेट ठाणे खाडीत उतरतं. ती खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे.

काम जाईल ही भीती खरी आहे. जागल्यांसाठीचा २०१४ चा कायदा सरकारी सेवकांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे, खासगी कारखान्याच्या गटारासाठी नाही. म्हणून सही करण्याआधीच करारात एक वाक्य घालून घ्या: 'कायद्याने बंधनकारक असलेली, किंवा लोकांच्या आरोग्याला व पर्यावरणाला असलेला धोका टाळण्यासाठी सक्षम यंत्रणेला दिलेली माहिती या करारातून वगळली आहे.' या वाक्यावर क्लायंट अडून बसला, तर ईटीपी बघायच्या आधीच बरंच कळतं. आणि फीचा शेवटचा हप्ता 'रिपोर्ट पास झाल्यावर' असा कधीही ठेवू नका. तो प्लांट चालू करून दिल्याच्या तारखेला बांधा.